भिंगाऐवजी आरसा?

नमस्कार श्रोतेहो. परवा पाषाण तलावाच्या काठी एका कॉलेजातल्या मुलानं मला विचारलं, "काका, मोठ्या दुर्बिणी सगळ्या आरशाच्या. आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची गिरवलीची दुर्बीणसुद्धा 2 मीटरच्या आरशाची. मग गळ्यात अडकवायच्या दुर्बिणीला भिंगंच का?" प्रश्न लाखमोलाचा. तिथे उभ्याउभ्या त्याला धड उत्तर देता आलं नाही, ते आज देतो.

भिंगातून जाताना प्रकाशाचे रंग फाकतात, आरशावरून परतताना फाकत नाहीत. न्यूटननं 1668 मध्ये आरशाची दुर्बीण केली ती याचसाठी. बगळ्याच्या पांढऱ्या पंखाला कधीकधी जांभळट कड दिसते, ती आरशानं बरीचशी जाईल. मोह पडावा असंच आहे हे.

पण आरसा प्रकाशाला आल्या वाटेनं परत पाठवतो. तो डोळ्याकडे वळवायला नळीच्या मधोमध दुसरा छोटा आरसा लागतो आणि त्याची सावली पडते. ती किती नडते, हे घरीच ताडून पाहा. 10×50 ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग 50 मिलीमीटरचं असलेली दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे रोखा. सूर्याकडे मात्र चुकूनही नको. डोळा लावतो तिथल्या काचेत प्रकाशाचा गोल ठिपका दिसेल, 5 मिलीमीटरचा, तूरडाळीएवढा. दिसणारं सगळं याच ठिपक्यातून डोळ्यात शिरतं. आता छोटा आरसा मोठ्याच्या 40 टक्के व्यासाचा धरा. ऐसपैस दृश्य हवं तर तो फार लहान करून चालत नाही. म्हणजे त्या डाळीच्या मध्यावर 2 मिलीमीटरचा काळा डाग, मोहरीएवढा. आणि भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली असते 2 ते 3 मिलीमीटरची! मोहरी नेमकी तिच्यासमोर येऊन बसते. रात्री बाहुली मोठी होते, ठिपका अख्खा आत जातो, 16 टक्के प्रकाश बुडतो आणि डाग जाणवतही नाही. पक्षी मात्र आपण उजेडी बघतो.

शिवाय आरसा जेवढा कलेल, त्याच्या दुप्पट किरण वळतो. स्कूटरच्या डिकीत दोन-चार खड्डे खाल्ले, की दोन नळ्यांची दोन चित्रं. डोकं धरून बसायची पाळी.

खरं तर तुमच्या दुर्बिणीत आरशाचं काम चालूच आहे. खांद्याशी रुंद असलेल्या दुर्बिणीत इग्नाझिओ पोरोची लोलकांची जोडी असते, 1854 च्या पेटंटची. उलटं चित्र सुलटं करताना ती प्रत्येक नळीत प्रकाशाला चारदा परतवते, तेही काचेच्या आतूनच आणि जवळजवळ काही न गमावता. अॅल्युमिनियमचा साधा मुलामा दर खेपेला दहाएक टक्के खातो.

हातातली नको, स्टँडवरची चालेल असं म्हणाल, तर मी एका पायावर तयार आहे. अॅरिझोनात 8.4 मीटरच्या दोन आरशांची जोडदुर्बीण उभी आहे. आपण 6 इंची दोन आरसे घासू. अट एकच, दोघांचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून चित्र उमटतं तिथपर्यंतचं अंतर, जुळायला हवं, नाहीतर एका डोळ्याला तारे जवळ, दुसऱ्याला लांब. माझा पहिला 120 सेंटिमीटरचा उतरला, दुसरा आज 123 वर आहे. आरसा वर आणि घासायची काच खाली ठेवली, की खोली वाढते आणि अंतर कमी होतं. काच घासायची कार्बोरंडमची पूड भिजवून ठेवली आहे. तो मुलगा रविवारी येतो म्हणालाय. नमस्कार.