फिरंगी जावई, फिरंगी आजोबा

थायलंडमध्ये गोऱ्या माणसाला फरांग म्हणतात. शब्द ओळखीचा वाटतोय ना? वाटणारच, आपला फिरंगी तोच हा. युरोपातल्या फ्रँक लोकांचं नाव फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलं आणि तसंच पार सयामपर्यंत, म्हणजे आजच्या थायलंडपर्यंत पोचलं. तिथे पेरूलाही फरांगच म्हणतात, तोही समुद्रापलीकडूनच आलेला.

पटाया आणि फुकेतचे व्हिडिओ तुम्ही भरपूर बघितले असतील. आज आपण उत्तरेला, चियांग माईला आलोय. सकाळची वेळ, इमिग्रेशन ऑफिस, आणि रांगेत बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. कोणी इंग्लंडचा, कोणी जर्मनीचा, कोणी अमेरिकेचा. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात पासपोर्टच्या झेरॉक्स, बँकेचं पत्र, ताजं अपडेट केलेलं पासबुक, आणि प्रत्येक झेरॉक्सवर स्वतःची सही. इतकी वर्षं नोकरी केलेली, घरदार सांभाळलेली माणसं परक्या देशातल्या खुर्चीवर टोकन नंबर कधी येतो म्हणून बसलीयेत.

का येतात ही माणसं? ऊन, समुद्र, स्वस्ताई, हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. पण चियांग माईला समुद्र नाही. आणि उन्हाचं म्हणाल तर फेब्रुवारी ते एप्रिल इथे शेतं आणि जंगलं जळतात, धूर इतका की समोरचा दोई सुथेपचा डोंगर दिसेनासा होतो, मास्क लावून फिरावं लागतं. तरीही लोक राहतात. म्हणजे कारण दुसरंच काहीतरी असणार.

एक कारण या फोल्डरमध्येच आहे. पन्नाशी पूर्ण झालेल्या परदेशी माणसाला थायलंड वर्ष-वर्ष राहू देतं, अट एवढीच की थाई बँकेत ८ लाख बाट ठेवा, म्हणजे आपले वीस लाखांच्या पुढे, नाहीतर महिन्याला ६५ हजार बाट उत्पन्न दाखवा. काम करायचं नाही. दर ९० दिवसांनी आपण कुठे राहतो ते कळवायचं. वर्ष संपलं की १९०० बाट भरून परत अर्ज.

आता गोवा आठवा. हणजुणे, हरमल, मोरजी, तिथे गोरे लोक साठच्या दशकापासून येतायत, पण पावसाळा लागायच्या आत किनाऱ्यावरचे शॅक उतरवले जातात आणि बरेचसे परत जातात. मला आधी वाटायचं की हे पावसामुळे. पाऊस तर थायलंडमध्येही पडतो हो. आपल्याकडे रिटायर होऊन राहायचा असा व्हिसाच नाही, टुरिस्ट म्हणून या, मुदत संपली की जा. त्यामुळे गोव्याला पाहुणे मिळाले आणि थायलंडला आजोबा मिळाले.

लॅपटॉपवर कुठूनही काम करणाऱ्या तरुण मंडळींसाठी २०२४ पासून पाच वर्षांचा वेगळा व्हिसा आलाय, पण त्यांचं जग वेगळं, ते कंटाळले की बालीला जातील.

इथून खूप पूर्वेला ईसान म्हणून भाग आहे, भातशेतीचा, कोरडा, गरीब. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तिथे उदोन थानी, कोरात, उबोन अशा ठिकाणी अमेरिकेचे हवाई तळ होते, हजारो सैनिक राहून गेले, काहींनी लग्नं केली, आणि तेव्हापासून त्या गावांना फिरंगी जावई नवा नाही. थाईत जावयाला खेय म्हणतात, म्हणून हा खेय फरांग. लग्नात आपल्या हुंड्याच्या बरोबर उलट, मुलाने मुलीच्या आईवडिलांना पैसे द्यायचे, त्याला सिनसोत म्हणतात. मग जावई भाताच्या शेताच्या कडेला टुमदार घर बांधतो, पण परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, ती बायकोच्या नावावर. जमीन घेताना त्याला लँड ऑफिसात सही करून द्यावी लागते की हा पैसा बायकोचाच आहे, माझा यावर हक्क नाही. आयुष्यभराची कमाई घालायची आणि वर असा कागद लिहून द्यायचा. मला ही सही या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात मोठी सही वाटते, कारण तिच्यामागे एवढाच भरवसा असतो की म्हातारपणी इथे कोणीतरी आपल्याजवळ असेल.

स्वस्ताईचा भरवसा तर तेवढाही नाही. ब्रिटनची सरकारी पेन्शन घेऊन थायलंडला आलेल्या माणसाला दरवर्षीची वाढ मिळत नाही, आला तेव्हाचाच आकडा कायम. २००६ च्या सुमाराला एका पौंडाला ७० च्या आसपास बाट मिळायचे, आता पंचेचाळीसच्या आसपास. तेव्हा आलेला माणूस आज हिशोब करून जेवतो. तरी परत जात नाही, कारण परत कोणाकडे जाणार?

चियांग माईजवळ बान कामलांगचाय नावाचं ठिकाण आहे. मार्टिन वुटली या स्विस माणसाने आपल्या आईसाठी ते २००३ मध्ये सुरू केलं. आईला अल्झायमर झालेला, वडील गेलेले, आणि हा आधी इथे काम करून गेलेला, त्याला माहीत होतं की इथल्या लोकांना म्हाताऱ्या माणसाशी कसं वागायचं ते कोणी शिकवावं लागत नाही. तिथे एका पेशंटमागे आलटून पालटून तीन जणी, दिवसरात्र, कायम एक जण सोबत. भाषा फारशी जुळत नाही. हात धरून फिरायला नेणं जुळतं. स्वित्झर्लंडमध्ये एवढी माणसं एका आजीमागे ठेवणं किती जणांना परवडणार?

आणि आता मला जे मनापासून सांगायचंय ते. हे प्रेम खरं आहे, पण ते कोणाच्या तरी घरातून इथे आलंय. आजीचा हात धरणाऱ्या बाईची स्वतःची आई कुठेतरी गावाकडे असते, आणि तिच्याजवळ शेजारीण बसलेली असते. पुण्यात ब्युरोची मावशी आपल्या आजोबांना भरवते, मुलगा अमेरिकेत असतो, आणि मावशीची सासू गावी एकटी असते, हे आपण घराघरात बघतोच की. ऊन कमीअधिक सगळ्यांना मिळतं. जवळ बसणारं माणूस पौंड, फ्रँक, डॉलर जिथे जास्त चालतात तिकडे जातं.

१३ एप्रिलला इथे सोंगक्रान, म्हणजे आपलाच शब्द, संक्रांत. रस्त्यावर पिचकाऱ्या आणि बादल्या चालू असतात ते सगळ्यांना माहितीये, पण घरात वेगळंच चालतं. लहानांनी मोठ्यांसमोर गुडघ्यावर बसायचं आणि फुलं घातलेलं सुगंधी पाणी वाटीने त्यांच्या हातांवर हळूहळू ओतायचं, वर्षभरातलं चुकलंमाकलं पोटात घाला म्हणायचं, आणि मग मोठ्यांनी आशीर्वाद द्यायचा. फिरंगी जावयाच्या सुरकुतलेल्या हातांवरही तसंच पाणी घालतात. आशीर्वाद थाईत द्यायचा असतो, ज्यांना येत नाही ते आपल्या भाषेत देतात.