अठ्ठाविसाव्या ओळीला अर्धी लोकर संपते

उपस्थित भगिनी आणि बंधूंनो, कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय "थंडीसाठी क्रोशाची त्रिकोणी शाल" असा छापला आहे आणि ती शाल कशी विणायची हे मी आज सांगणारच आहे. परंतु कृतीपेक्षाही एक गोष्ट मला अधिक आग्रहाने मांडायची आहे. त्रिकोणी शाल विणताना छापील नमुन्याची गरज भासत नाही, हिशेबाची मात्र भासते. हा हिशेब ज्यांना एकदा कळला, त्यांची लोकर ऐन शेवटच्या ओळींत कमी पडत नाही आणि विणलेले उसवण्याची वेळही त्यांच्यावर येत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेक जणी पहिल्या दिवशी "नमुन्याचा कागद आहे का?" असे विचारतात. मी त्यांना सांगते की कागद देते, पण चौथ्या ओळीनंतर तो मिटून ठेवायचा.

आधी त्रिकोणच का, ते सांगते. आपल्याकडची थंडी ही डोंगराळ मुलुखासारखी दिवसभर टिकून राहणारी नव्हे. निफाडचा पारा किती उतरला हे आपण दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात वाचतो, पण तेथेही दुपारी उन्हात स्वेटर नकोसा होतो. सकाळी आणि रात्री मान, खांदे आणि पाठ एवढेच झाकायचे असते, आणि नेमके तेवढेच त्रिकोण झाकतो. त्याची लांब बाजू मानेवरून पुढे येते, टोक पाठीवर उतरते आणि दोन्ही पंख पुढे गुंडाळले की हात कामाला मोकळे राहतात. थोड्या वेळापूर्वी आपण माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केलात, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण ती शाल खांद्यावरून दोनदा घसरली हे पहिल्या रांगेने पाहिले असेलच. (हशा.) आयताला मानेशी धरून ठेवणारे काही नसते, म्हणून तो घसरतो. त्रिकोणाचा भार मागच्या टोकाकडे असल्यामुळे तो खांद्यांवर बसतो. चौकोनी शाल कर्णावर दुमडूनही तोच आकार मिळतो, मात्र तिला लोकर दुप्पट लागते. रानात राहणारा धनगर घोंगडीची खोळ करून डोक्यापासून पाठीपर्यंत सारे झाकतो, तीही याच आकाराकडे जाणारी युक्ती आहे.

आता, आपल्यापैकी किती जणांच्या घरात दूरदर्शन संचावर क्रोशाचा रुमाल होता? हात वर करा. जवळजवळ सारे सभागृहच! रुखवतातले रुमाल, दारावरचे तोरण, बाळाची टोपडी आणि मोजे, गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतली टेबलावरची आच्छादने, इतक्या ठिकाणी क्रोशा आपल्याकडे नांदला. तो ज्या मुलखांतून जगभर पसरला त्यांत आयर्लंड महत्त्वाचे. तेथे 1845 पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला, तेव्हा मठांतून आणि मदतकेंद्रांतून बायकांना बारीक सुतावरचा क्रोशा शिकवण्यात आला आणि त्या लेसच्या विक्रीवर कितीतरी कुटुंबे तगली. पुढे 1900 साली, दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिशांचे बोअर युद्ध चालू असताना, राणी व्हिक्टोरियाने उतारवयात खाकी लोकरीच्या आठ गळपट्ट्या स्वतः क्रोशाने विणल्या आणि त्या निवडक सैनिकांना शौर्याबद्दल दिल्या गेल्या. ज्या सुईने दुष्काळात पोट भरले तीच सुई राजवाड्यातही चालत होती, आणि दोन्ही ठिकाणी टाका तोच होता. कदर मात्र सारखी नव्हती. येथे मला जरा वेळ घ्यावा लागणार आहे, कारण ही गोष्ट मला फार लागलेली आहे.

एका हस्तकला प्रदर्शनात आमच्या गटातल्या एका बाईंनी राखाडी आणि किरमिजी रंगांची त्रिकोणी शाल विक्रीला ठेवली होती. किमतीची चिठ्ठी लावण्यापूर्वी तेथील व्यवस्थापकांनी ती शाल उचलली, वजनकाट्यावर ठेवली, अडीचशे ग्रॅम भरली असे पाहिले, बाजारातल्या लोकरीच्या दराने गुणाकार केला आणि त्यावर थोडीशी रक्कम घालून किंमत लिहून टाकली. बाईंनी मजुरीचे विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की हे तर घरबसल्या, मालिका बघताबघता होणारे काम आहे. ते गृहस्थ उर्मट नव्हते, उलट अगदी सौजन्याने बोलत होते, आणि त्यामुळेच मला अधिक वाईट वाटले. त्यांना ते खरोखरच तसे वाटत होते. मी त्या शालीच्या ओळी मोजल्या. चाळीस ओळींच्या अशा शालीत तीन-तीन खांबांचे (खांब म्हणजे सुईवर धाग्याचा वेढा घेऊन विणलेला उंच टाका) 1640 पुंजके येतात, म्हणजे कडेचे खांब सोडून 4920 खांब झाले. सराईत हाताला एका खांबाला सहा सेकंद धरा, तरी नुसत्या खांबांनाच आठ तासांहून अधिक वेळ लागतो. साखळ्या, काठ आणि टोके लपवण्याचे काम वेगळे. एखाद्या सुताराने टेबल केले तर आपण त्याचे लाकूड वजन करून पैसे देत नाही.

हे दुखणे फक्त आपल्याकडचे नाही. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तेथे क्रोशाची लेस रुजवली आणि आजही त्या परिसरातल्या हजारो स्त्रिया ती विणतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या स्त्रियांच्या कामाचा अभ्यास करून तो 1982 साली प्रसिद्ध केला. परदेशी निर्यात होणारा माल ज्या विणतात त्यांना कामगार न मानता "घरी बसलेल्या गृहिणी" मानले जाते आणि त्यांच्या श्रमाला फावल्या वेळेचे नाव देऊन मजुरी खाली ठेवली जाते, असे त्यांनी दाखवून दिले. प्रदर्शनातल्या वजनकाट्यामागेही हाच समज होता.

"हे यंत्रावर स्वस्तात मिळते की" असेही लोक म्हणतात. तसे मिळत नाही. दोन सुयांवरच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात, म्हणून यंत्राला ते जमते. क्रोशात एका वेळी एकच फास उघडा असतो. प्रत्येक टाका पूर्ण मिटवूनच पुढे जायचे असते आणि सुई कापडात कुठेही, मागच्या ओळीत, पोकळीत किंवा साखळीखाली शिरते. बाजारात यंत्रावरचा म्हणून जो माल येतो तो क्रोशासारखा दिसणारा वेगळ्या जातीचा विणकामाचा प्रकार असतो. तेव्हा खऱ्या क्रोशाची शाल कुठेही अगदी स्वस्तात दिसली, तर ती कुणाच्या तरी हातांनीच विणलेली आहे आणि त्या हातांना किती मिळाले असेल, हे आपण मनाशी धरावे.

लोकरीबद्दल दोन शब्द. आपल्या गल्लीतल्या दुकानांत मिळणारे बहुतेक गुंडे ॲक्रिलिकचे असतात. ते धुवायला सोपे, रंगाला पक्के आणि मुलांच्या कपड्यांना सोयीचे असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मेंढीची लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही ओली लागत नाही, हा गुण ॲक्रिलिकमध्ये नाही. शेकोटीपाशी बसायचे असेल तर हा फरक आणखी मोठा ठरतो: लोकर सहजासहजी पेट घेत नाही, ॲक्रिलिक मात्र वितळून त्वचेला चिकटते. खात्री करायची असल्यास धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरता येते; ॲक्रिलिकचा कडक मणी उरतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण ती भरड असल्यामुळे मानेला बोचते, म्हणून शालीसाठी मऊ जातीची लोकर घ्यावी.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे आणि माझ्या हाती थोडीच मिनिटे उरली आहेत. तेव्हा कृती आता भराभर सांगते. ज्यांना लिहून घ्यायचे त्यांनी घ्यावे.

मध्यम जाडीची दोन-अडीचशे ग्रॅम लोकर आणि पाच मिलिमीटरची सुई घ्या. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले असू द्या. शालीची सुरुवात मानेच्या मध्यापासून होते. चार साखळ्या घालून त्या जोडून कडे करा. पुन्हा चार साखळ्या घाला; त्यातल्या तीन म्हणजे कडेचा खांब आणि एक म्हणजे पोकळी. मग कड्यात तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब, एक साखळी आणि शेवटचा एक खांब. पहिली ओळ झाली. काम उलटवा. यापुढे प्रत्येक ओळीत एवढेच करायचे: सुरुवातीला चार साखळ्या, प्रत्येक पोकळीत तीन खांबांचा एक पुंजका, दोन पुंजक्यांमध्ये एक साखळी, मधल्या दोन साखळ्यांच्या पोकळीत मात्र दोन पुंजके आणि त्यांच्यामध्ये दोन साखळ्या, शेवटच्या पुंजक्यानंतर एक साखळी आणि कडेला एक खांब. पहिल्या ओळीत दोन पुंजके असतात, दुसरीत चार, तिसरीत सहा. ओळीचा क्रमांक दुप्पट केला की त्या ओळीतले पुंजके कळतात. चौथ्या ओळीनंतर कागद मिटा, असे मी म्हणते ते याचसाठी.

आता हिशेब. दर ओळीला दोनच पुंजके वाढतात, पण एकूण पुंजके ओळींची संख्या गुणिले तिच्या पुढची संख्या इतके होतात. चाळीस ओळींना 40 गुणिले 41, म्हणजे 1640. अठ्ठाविसाव्या ओळीपर्यंत होतात 28 गुणिले 29, म्हणजे 812. म्हणजेच शाल सत्तर टक्के झालेली दिसते तेव्हा कुठे अर्धी लोकर संपलेली असते. उरलेली अर्धी लोकर शेवटच्या अवघ्या बारा ओळींत जाते. ज्यांना विसाव्या ओळीला निम्मी शाल झाल्याचा आनंद होतो त्यांची लोकर तोवर जेमतेम चौथाई गेलेली असते, आणि त्या भरवशावर त्या जास्त ओळी धरून बसतात. मग तेहतिसाव्या ओळीवर गुंडा संपतो आणि दुकानात त्याच रंगाचा जुना लॉट मिळत नाही. याच हिशेबाने लोकर दुप्पट घेतली तरी शालीची लांबी दुप्पट होत नाही, साधारण 1.4 पटच होते. सारख्या वजनाच्या तीन रंगांच्या लोकरीतून पट्टे काढायचे असतील तर ते मानेकडून साधारण तेवीस, दहा आणि सात ओळींचे येतील. रुंद पट्टा मानेशी आणि अरुंद पट्टा काठाशी येतो, पण काठाकडच्या ओळी लांब असल्यामुळे तो डोळ्यांना तोकडा वाटत नाही.

मापाचेही तसेच. ओळीची उंची सव्वा सेंटिमीटर पडली तर चाळीस ओळींत वरची लांब बाजू सुमारे 140 सेंटिमीटर आणि मानेपासून टोकापर्यंतचे अंतर तिच्या निम्मे, म्हणजे 70 सेंटिमीटर भरते. हात सैल असला तर दोन्ही मापे वाढतील, पण त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण बदलणार नाही.

शाल सपाट का राहते, हे फार थोडक्यात सांगते. दर ओळीत वाढ ठरावीक असते, म्हणून ती सपाट राहते. हीच वाढ ओळीच्या लांबीच्या प्रमाणात केली, म्हणजे दर काही टाक्यांमागे एक टाका वाढवत गेलो, तर कापडाला झालरी पडत जातात. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणिती डायना टायमिना यांनी 1997 साली याच रीतीने क्रोशाने अतिवलयी (हायपरबोलिक), म्हणजे सगळीकडे झालरीसारखे वळत जाणारे पृष्ठभाग विणून दाखवले, आणि विद्यार्थ्यांना ज्याचे चित्र काढून समजत नव्हते ते हातात देता आले. म्हणून शालीची कड झालरीसारखी लाटा मारू लागली तर कुठेतरी वाढ जास्त झाली आहे असे समजावे, आणि वरची बाजू आत ओढली जाऊ लागली तर कडेच्या पोकळीतले पुंजके सुटले आहेत असे समजावे. दर पाच ओळींनी शाल जमिनीवर पसरून पाहिली की पुढचे उसवणे वाचते.

काठासाठी लोकर आधीच राखून ठेवावी लागते. चाळिसावी ओळ एकटीच एकूण लोकरीच्या सुमारे विसाव्या भागाइतकी लोकर घेते, म्हणजे अडीचशे ग्रॅमात बारा ग्रॅम. पाच-पाच खांबांच्या शिंपल्यांचा काठ हवा असेल तर त्याच्या दुप्पट, पंचवीस ग्रॅम, बाजूला काढा. स्वयंपाकघरातला वजनकाटा येथे खरा उपयोगी पडतो, कारण एक ओळ विणण्याआधी आणि नंतर गुंड्याचे वजन केले की पुढचे सगळे उत्तर मिळते. काठ फक्त दोन तिरप्या बाजूंना घाला. मानेकडची बाजू मुक्या खांबांच्या, म्हणजे वेढा न घेता विणलेल्या आखूड टाक्यांच्या एका ओळीने नीट बांधून घ्या, नाहीतर वापरात ती ताणत जाते.

शेवटी धुणे. लोकरीची शाल कोमट पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलात दाबून, तिची तिन्ही टोके टाचण्यांनी ताणून सपाट वाळवा, म्हणजे पुंजके उघडतात आणि टोक नीट येते. ॲक्रिलिकवर पाण्याचा असा परिणाम होत नाही. त्याला दुरून वाफ द्यावी लागते, पण इस्त्री टेकवू नये, एकदा जास्त उष्णता लागली की त्याचा उभार कायमचा जातो. मागच्या टेबलावर वीस, अठ्ठावीस आणि चाळीस ओळींवर थांबवलेले तीन नमुने ठेवले आहेत आणि शेजारी वजनकाटाही आहे. जाताना तिन्हींचे वजन करून पाहा.