मुदत हवी चौदा दिवसांची!

श्रोतेहो, नमस्कार.

फोनवरची यादी सरकवत तळाला पोचलात, की ती जराशी ताणली जाते आणि टुणकन मागे येते. या टुणकन येण्यावरसुद्धा ॲपलचं पेटंट होतं! 2011 साली ॲपलने सॅमसंगला अमेरिकेत कोर्टात खेचलं, तेव्हा भांडणात हेही होतं आणि फोनचे गोलसर कोपरेही. म्हणजे वाद नुसता फोन चालतो कसा याचा नव्हता. दिसतो कसा याचाही होता. पुन्हा सांगतो, दिसतो कसा! आता तर सगळेच फोन सारखे काळे आरसे झालेत. बटणांच्या फोनवर न बघता नंबर लावता यायचा, त्याची सर कशालाच नाही. असो.

मला खरा आवडतो तो लंडनचा किस्सा. तिथे वाद टॅबलेटच्या नोंदणीकृत डिझाइनचा. जुलै 2012 मध्ये न्यायमूर्ती कॉलिन बर्स यांनी निकाल दिला, की सॅमसंगच्या टॅबमुळे ॲपलच्या डिझाइनचा भंग होत नाही. का? तर ॲपलचा तो साधेपणा यांच्यात नाही, हे 'तितके कूल नाहीत'! सॅमसंग जिंकली खरी, पण नाक कापून घेऊन.

कोर्टाने ॲपलला सांगितलं, सॅमसंगने नक्कल केलेली नाही असं तुमच्याच वेबसाइटवर छापा. ॲपल अपिलात गेली, ऑक्टोबरमध्ये तिथेही हरली. मग मुखपृष्ठाच्या पार तळाशी एक बारीकशी लिंक आली. ती उघडली, तर आधी निकाल, मग न्यायमूर्तींनी ॲपलची केलेली स्तुती, आणि वर शेपूट: जर्मनीत आणि अमेरिकेत मात्र कोर्टाने आमचीच बाजू घेतली. माफी मागायला लावलेल्या पोराने 'सॉरी, पण सुरुवात त्यानेच केली' म्हणावं, तसलाच प्रकार!

अपील न्यायालय भडकलं. हा मजकूर दिशाभूल करतो, 48 तासांत बदला. ॲपलचे वकील म्हणाले, तांत्रिक अडचणी आहेत, 14 दिवस लागतील. वेबसाइटवरच्या चार ओळी बदलायला, जगातल्या सगळ्यात बड्या तंत्रज्ञान कंपनीला, 14 दिवस! न्यायमूर्ती रॉबिन जेकब थक्कच झाले. मुदत काही मिळाली नाही.

अमेरिकेतलं थोडक्यात सांगतो. 2012 मध्ये ज्युरीने सॅमसंगला एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाई ठोठावली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, डिझाइन चोरलं म्हणून दर वेळी अख्ख्या फोनचा नफा द्यायलाच हवा असं नाही. फोनच्या एखाद्या भागापुरताही हिशोब होऊ शकतो. मे 2018 मध्ये नव्या ज्युरीने आकडा ठरवला सुमारे 53 कोटी 90 लाख डॉलर, आणि जूनमध्ये दोघांनी तडजोड केली. किती रकमेवर, ते गुलदस्त्यातच ठेवलं.

एक राहिलंच. खटला ऐन रंगात असतानाही आयफोनच्या चिप बनत होत्या सॅमसंगच्याच कारखान्यात. त्यावर मात्र कुणाची तक्रार नव्हती.