स्टेअरिंग ढिलं झालंय? आधी खाली वाकून बघा

[दृश्य : मुरबाड तालुका. अंगणात उभा जुना ट्रॅक्टर.]

मे संपत आलाय. राब भाजून झालेत, आता पावसाची वाट. पाऊस धरला की हा ट्रॅक्टर चिखलणीला खाचराखाचरांत फिरेल, आणि मधूनमधून कल्याण-माळशेज रस्त्यावर ट्रक-एसटीच्या गर्दीतही येईल. आज त्याचं स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी पुढचं चाक हलत नाही. असा ट्रॅक्टर रस्त्यावर काढणं म्हणजे जिवाशी खेळ.

[दृश्य : मिस्त्री आणि मालक.]

"मिस्त्री, स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळा ना."
"तो शेवटी, काका. आधी तुम्ही सीटवर बसा."

पॉवर स्टेअरिंग नसलेल्या ट्रॅक्टरवर हाताचा जोर स्टेअरिंग बॉक्समधून (आत दाते असलेली पेटी) ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉड अशा एकमेकांना जोडलेल्या दांड्यांतून चाकापर्यंत जातो. प्रत्येक सांधा केसभर झिजला, तरी सगळ्यांची बेरीज हातात जाणवते. भातशेतीत तर सांधे लवकर जातात. रबरी बूट (सांध्यावरचं टोपण) फाटला की दांड्यांच्या टोकाच्या बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे गोळीच्या सांध्यात, गाळ शिरतो, आणि मातीमिश्रित ग्रीस पॉलिश पेपरसारखं धातू खात राहतं.

काका स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवतात. मिस्त्री खाली आडवे होऊन एकेका सांध्यावर बोट ठेवतात. डाव्या टाय रॉडपाशी बोट थांबतं. रॉड हलतोय, त्याला जोडलेला चाकाकडचा आर्म जागचा हलत नाही. हा एन्ड, म्हणजे रॉडच्या टोकाचा सांधा, गेला.

मग मागच्या चाकांना दगड, पुढे जॅक, ॲक्सलखाली लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. चाक वर-खाली धरून हलवलं. एकटं चाक हललं तर बेअरिंग ढिलं, सोबत स्टब ॲक्सलही (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) हलला तर किंगपिनचं, म्हणजे तो ज्या खिळीवर वळतो तिचं, बुश झिजलेलं. इथे बेअरिंग निघालं. नट बेताने आवळला, तो सुटू नये म्हणून लावायची स्प्लिट पिन मात्र नवीच टाकली.

[दृश्य : जवळून, टाय रॉडचे आटे.]

जुना एन्ड काढताना मिस्त्री फेरे मोजतात. तेवढेच फेरे देऊन नवा बसवला की चाकांचा टो-इन (पुढून किंचित आत वळलेलं असणं) फारसा बिघडत नाही. तरीही तो मोजायचाच. ॲक्सलच्या उंचीवर टेप धरला, तर दोन चाकांमधलं पुढचं अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी भरलं पाहिजे. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकात असतो.

एवढं करून प्ले, म्हणजे ढिलेपणा, उरलाच, तरच बॉक्स. आधी तेल बघायचं, मग चाकं सरळ ठेवून स्क्रू अगदी थोडा आवळायचा. जास्त आवळला तर स्टेअरिंग मधोमध जड होतं, वळणानंतर सरळ यायला अडतं आणि आतले दाते झिजतात.

शेवटी ग्रीस गन. जुनं काळं ग्रीस निघून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारायचं. चिखलणीच्या दिवसांत हे रोज संध्याकाळी, ट्रॅक्टर धुतल्याबरोबर.