इन्सुलिनसोबत निघणारं दुसरं हार्मोन

[दृश्य : सकाळचा ठेला. पोह्यांवर लाल तर्री, चणे, कच्चा कांदा, शेव.]

निवेदन :

अंबाझरीला फिरून झालं की नागपूरकराचे पाय तर्री पोह्याच्या ठेल्याकडेच वळणार. तिथे कुणीतरी हमखास म्हणतो, "भाऊ, आपली फास्टिंग नॉर्मल राहते. पीपीच वाढते." अन् म्हणता म्हणता प्लेट पुढे करतो, "तर्री टाक अजून."

पीपी, म्हणजे जेवणानंतरची साखर. तिचा विषय निघाला की आपण इन्सुलिनवर येऊन थांबतो. पण स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिनबरोबरच आणखी एक हार्मोन सोडतात : अमायलिन. अवघ्या ३७ अमिनो आम्लांची साखळी.

[दृश्य : ॲनिमेशन, जठर ते आतडं.]

पोह्यांतला स्टार्च लवकर पचतो. अमायलिन मेंदूमार्फत जठराला सांगतं, दमानं घे. अन्न आतड्यात हळूहळू सरकतं. यकृताला साखर सोडायला लावणारं ग्लुकागॉनही ते जेवणानंतर दाबून धरतं. शिवाय पोट भरल्याची जाणीव देतं. रक्तातली साखर पेशींत पोचवायचं काम इन्सुलिनचं. ती रक्तात किती वेगानं यावी, हे अमायलिन बघतं.

टाइप १ मधुमेहात बीटा पेशीच नष्ट होतात. दोन्ही हार्मोन जातात, आणि सुईनं आपण भरून काढतो ते एकच, इन्सुलिन.

टाइप २ ची तऱ्हा निराळी. शरीर इन्सुलिनला दाद देईना, की बीटा पेशी सुरुवातीला दोन्ही हार्मोन जास्त बनवतात. माणसाच्या अमायलिनचे रेणू एकमेकांना चिकटून तंतू होतात आणि बीटा पेशींभोवतीच साचतात. हा थर अमेरिकन रोगविज्ञानी युजीन ओपी यांनी १९०१ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. तो कशाचा, हे कळायला १९८७ उजाडलं! पेशी त्यामुळे मरतात, की आधीच खचलेल्या पेशींभोवती तो जमतो, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

गंमत म्हणजे उंदराच्या अमायलिनचे असे तंतू होत नाहीत, कारण त्यात तीन मोक्याच्या जागी प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल असतं. तेच तीन प्रोलिन मानवी साखळीत बसवून प्रॅमलिंटाइड हे औषध तयार झालं. अमेरिकेत त्याला २००५ मध्ये मान्यता मिळाली.

[दृश्य : दोन वेगळ्या सुया.]

बीटा पेशीत इन्सुलिन आणि अमायलिन एकाच पुडीत भरलेलं असतं. औषधात मात्र ते एका सिरिंजमध्ये मिसळता येत नाही. मुख्य जेवणाआधी वेगळी सुई टोचावी लागते. सुरुवातीला मळमळतं. आणि हे औषध सुरू करताना डॉक्टरांनी जेवणाआधीच्या इन्सुलिनचा डोस कमी केला नाही, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.