अण्णांची ड्युटी

पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ रोजी. ही फीत ज्यांची आहे ते आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत लागले ते पुढे सत्तरच्या दशकात, कराड आगारात, ड्रायव्हर म्हणून. कराडहून पाटण, हेळवाक करत पुढे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. ड्युट्या इतरही मार्गांवर लागल्या, पण आमच्या घरात 'अण्णांचा रस्ता' म्हटलं की तो हाच.

कुंभार्लीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. घाटात धुकं उतरलं की भरदुपारी दिवे लावूनही समोरचं वळण दिसत नाही. त्या वेळच्या गाड्यांना पॉवर स्टीअरिंग नव्हतं. इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच, बॉनेटखाली, त्याची धग सतत डाव्या पायाला. खालचा गिअर टाकायचा तर डबल क्लच मारावा लागे. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर पाडायचा. हे सगळं वळणावर, गाडीभर माणसं पाठीशी घेऊन. अण्णांच्या डाव्या तळहाताला मधोमध घट्टा पडला होता, गिअरच्या दांड्याचा. लहानपणी मी त्यावर बोट दाबून विचारायचे, "दुखतं का?" ते म्हणायचे, "आता तो माझ्याबरोबरच रिटायर होणार."

मुक्कामाची गाडी ज्यांनी पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. संध्याकाळची शेवटची एसटी आडगावात जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून तालुक्याला निघते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात, नाहीतर देवळात, ग्रामपंचायतीच्या खोलीत. पहाटेच्या त्या गाडीत दुधाच्या किटल्या, बाजाराला निघालेल्या भाजीच्या पाट्या, कॉलेजची मुलं, दवाखान्यात चाललेली म्हातारी माणसं असत. तालुक्याला खोली घेऊन शिकणाऱ्या मुलांचे जेवणाचे डबेही गावाहून याच गाडीनं येत. अण्णा ते डबे आपल्या सीटमागे नीट लावून घ्यायचे. एखादा डबा स्टँडवर कुणी न्यायला आलं नाही, तर हातात घेऊन पोराला शोधत फिरायचे. "उपाशी बसलं असेल," एवढंच म्हणायचे.

सणाला ते घरी असल्याचं मला फारसं आठवत नाही. आषाढीला पंढरपूरच्या यात्रेच्या गाड्या, गणपतीत कोकणात जाणाऱ्या जादा गाड्या, दिवाळीत तर गर्दीला अंतच नाही. आई पहिल्या अंघोळीचं उटणं त्यांच्यासाठी वाटीत काढून ठेवायची. ते येतील तेव्हा, भाऊबीज उलटून गेली तरी, त्यांची पहिली अंघोळ व्हायची आणि आई तेव्हाही त्यांना ओवाळायची.

मग बाप म्हणून ते आम्हाला भेटायचे कधी? खरं तर आम्ही झोपलेलो असताना. रात्री उशिरा आले की हातपाय धुऊन आधी आमची दप्तरं घेऊन बसायचे. सकाळी कंपास उघडला की सगळ्या पेन्सिलींना टोकं केलेली असायची. ब्लेडनं केलेली लांब, निमुळती टोकं. तशी टोकं वर्गात कुणाच्याच पेन्सिलीला नसत. पुस्तकाचं कव्हर फाटलं असेल तर नवं घातलेलं असे. वहीतला लाल शेरा त्यांनी वाचलाय हे कळायचं, कारण त्या पानात एक बसचं जुनं तिकीट खुणेला ठेवलेलं असे. शेऱ्याबद्दल ते चारचौघांत कधीच बोलले नाहीत. पुढच्या सुट्टीच्या दिवशी शेजारी बसवून तेवढंच गणित पुन्हा करून घेत. माणूस घरात नसूनही घरावर त्याचं किती लक्ष असू शकतं, हे मी तिथे पाहिलं.

१९८२ च्या दिल्लीतल्या एशियाडनंतर एसटीत निमआराम गाड्या आल्या आणि लोक त्यांना एशियाडच म्हणू लागले. आम्हा भावंडांना वाटायचं, अण्णांनी ती ऐटबाज गाडी चालवावी. अण्णांचा जीव मात्र साध्या लाल गाडीत. हात केला की थांबणारी गाडी ती. पावसात कुणी म्हातारी छत्री सावरत धावत येताना आरशात दिसली, की कंडक्टरनं निघायची डबल बेल दिलेली असली तरी अण्णा थांबायचे. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं ड्युटी केलेले कंडक्टरकाका हे आजही सांगतात, आणि सांगताना त्यांचा गळा दाटून येतो.

हा बिल्ला पाहा. विनाअपघात सेवेचा. घरात शोकेसमध्ये लावायला अण्णांनी कधी दिला नाही. आईच्या मंगळसूत्राच्या डबीत तो ठेवलेला असायचा.

ते निवृत्त झाले तेव्हा मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. माझी मोठी मुलगी लहान होती, पुढे धाकटा झाला. रात्रपाळी लागली की पोटात कालवायचं. अण्णांनी एक दिवस आपली वळकटी उचलली आणि आमच्याकडे राहायला आले. म्हणाले, "तू ड्युटी कर. घर मी बघतो." मुक्कामाला स्टोव्हवर पिठलं-भात करून हात बसलेला होता, त्यामुळे स्वयंपाकाची चिंता नव्हती. पहाटे चारला घड्याळाशिवाय उठायचे. मुलांचे डबे, वेण्या, शाळेची रिक्षा, सगळं त्यांच्या हाती. लेकीची पहिली वेणी घालायला त्यांना अर्धा तास लागला होता, आणि तेवढा वेळ ती जराही हलली नाही.

आमच्या वाट्याला न आलेला त्यांचा वेळ माझ्या मुलांना भरभरून मिळाला. पाहून जीव निवायचा. कधी दाराआड उभी राहून मी ऐकत बसायचे. धाकट्याला मांडीवर घेऊन ते कराड ते चिपळूण एकेक थांबा नावानिशी सांगायचे, आणि तो पोफळी येईपर्यंत झोपलेला असायचा.

शेवटच्या आजारातही सकाळी विचारायचे, "आज पाळी कुठली? डबा घेतलास का?" ते गेले त्या दिवशी आगारातली त्यांच्या वेळची माणसं आली. काही जण ड्युटीवरून तसेच, खाकीत.

धाकटा तेव्हा फार लहान होता. मोठा झाल्यावर त्याला फोटोंपलीकडचे अण्णा कळावेत म्हणून ही फीत केली. त्यांचा आवाज आमच्याकडे थोडाच आहे. अण्णा मोठीला स्कूटर शिकवत असताना तिच्या बाबांनी मोबाइलवर केलेलं हे रेकॉर्डिंग. उतार आलाय, ती घाबरलीय, आणि अण्णा मागे बसून तिला सांगताहेत, काय करायचं ते. मी आता थांबते. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐका.