कॉफीच्या रांगेतलं मौन

वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनात सकाळी साडेआठला कॉफीची रांग दारापर्यंत येते. काही वर्षांपूर्वी त्या रांगेत माझ्या पुढे जे गृहस्थ उभे होते, ते फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगात, वकील. या आयोगाला आम्ही सगळे 'फर्क' म्हणतो. मराठी कानाला ते नाव उगाचच अर्थपूर्ण वाटतं. तर आमची चांगली ओळख, मुलं एका शाळेत. माझ्या अशिलाचं दराचं एक प्रकरण तेव्हा आयोगापुढे होतं आणि निकालाचा मसुदा करणाऱ्यांत हे होते. आम्ही सात-आठ मिनिटं पावसावर बोललो. मग शाळेच्या बसवर. मग पुन्हा पावसावर.

तुम्ही हसताय. पण 'आमच्या त्या आकड्यांकडे जरा नीट बघा' एवढं जरी मी म्हटलं असतं, तरी त्यांना ऑफिसात जाऊन ते वाक्य लिहून द्यावं लागलं असतं आणि ते माझ्या नावानिशी प्रकरणाच्या जाहीर फाइलीत लागलं असतं. बाई कॉफीच्या रांगेत काय म्हणाल्या, हे विरुद्ध पक्षाच्या वकिलानं यथावकाश चवीनं वाचलं असतं. वादग्रस्त प्रकरणात निर्णय करणाऱ्यांशी नोंदीबाहेर बोलायचं नाही, हा तिथला नियम. एखाद्या खासदारानं आयोगाच्या अध्यक्षांना अशा प्रकरणाबद्दल पत्र लिहिलं, तर तेही फाइलीत जातं.

कॉफी घेऊन मी चालत सिनेटच्या ऑफिसांकडे गेले. दहा वाजता एका सिनेटरच्या सहाय्यकाबरोबर भेट होती. वय असेल सव्वीस. विषय होता वीज दूरवर नेणाऱ्या पारेषण वाहिन्यांचा खर्च कुणी किती सोसायचा याबद्दलचं एक विधेयक. त्यातल्या एका पोटकलमातले दोन शब्द बदलावेत, असं माझ्या अशिलाचं म्हणणं. दार बंद केलं, अर्धा तास बोललो, मी एक पानाचं टिपण त्याच्या हातात दिलं. दोन पानं द्यायची नाहीत. दुसरं कुणी वाचत नाही. हे सगळं संपूर्ण कायदेशीर आहे. एका इमारतीत तोंड उघडायचं नाही आणि काही मिनिटांच्या अंतरावरच्या दुसऱ्या इमारतीत तोंड उघडायचेच पैसे घ्यायचे, असा माझा व्यवसाय: एकीकडे वकिली, दुसरीकडे लॉबिंग, म्हणजे कायदे करणाऱ्यांना अशिलाचं म्हणणं पटवणं. आज मला या दोन दारांबद्दल बोलायचं आहे.

आधी विजेचे दर केंद्राच्या आयोगाकडे का आले ते सांगते. ऱ्होड आयलंड राज्यातल्या नॅरागान्सेट या वीज कंपनीनं १९१७ साली शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधल्या ॲटलबरोच्या कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. ठरल्या दरानं वीज द्यायची. पुढे तो दर परवडेना, तेव्हा ऱ्होड आयलंडच्या राज्य आयोगानं तो वाढवून दिला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९२७ साली कोर्ट म्हणालं, हा आंतरराज्य व्यापार आहे, त्याचा दर ऱ्होड आयलंडनं ठरवायचा नाही. मॅसॅच्युसेट्सनंही नाही. मग कुणी? केंद्रानं, पण केंद्राचा तसा कायदाच नव्हता. तारेवरून जाणाऱ्या विजेला सातबारा नसतो, ही अडचण तिथे पहिल्यांदा ठसठशीतपणे पुढे आली.

ती पोकळी १९३५ च्या कायद्यानं भरली. आंतरराज्य पारेषण आणि घाऊक विक्री केंद्राकडे. घराघरातली किरकोळ विक्री राज्यांकडे. दर 'न्याय्य आणि वाजवी' असला पाहिजे, हे त्या कायद्यातले शब्द. त्या दोन विशेषणांवर नव्वद वर्षं वकिलांच्या पिढ्या जगल्या आहेत, मीही त्यातलीच.

पण त्याच कायद्याचा दुसरा भाग होल्डिंग कंपन्यांबद्दल होता, आणि खरी मारामारी त्यावर झाली. एका कंपनीच्या डोक्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी अशी उतरंड रचून मूठभर लोक देशभरच्या वीज कंपन्या चालवत होते. या उतरंडी मोडायचं कलम विधेयकात होतं. त्याला 'मृत्युदंडाचं कलम' असं नाव पडलं. मग खासदारांच्या टेबलांवर विरोधाच्या तारांचा, म्हणजे टेलिग्रामचा, पाऊस पडला.

पेनसिल्व्हेनियाचे एक खासदार होते, ड्रिस्कॉल. त्यांच्या मतदारसंघातल्या वॉरन या लहानशा गावाहून तारांवर तारा येऊ लागल्या. त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली: पाठवणाऱ्यांची आडनावं बहुतेक मुळाक्षरांच्या सुरुवातीच्या अक्षरांची. गावात जणू तेवढ्याच आडनावांना राजकारणात रस! त्यांनी उत्तरं धाडली, तर लोक म्हणाले, कसली तार? आम्ही केलीच नाही. सिनेटर ह्यूगो ब्लॅक यांच्या समितीनं चौकशी लावली. तारा वाटणारा एकोणीस वर्षांचा पोऱ्या साक्षीला आला. त्यानं सरळ सांगितलं, वीज कंपनीच्या माणसानं सह्या गोळा करायला सांगितलं होतं, सहीमागे तीन सेंट. बाकीची नावं गावाच्या डिरेक्टरीतून पहिल्या पानापासून उतरवलेली. मूळ कागद तार ऑफिसच्या तळघरात जळून गेले होते.

मला या गोष्टीत मोठ्या लबाडीपेक्षा आळस जास्त दिसतो. डिरेक्टरी मधूनच उघडली असती तर पकडले गेले नसते.

ऑगस्टमध्ये कायदा झाला. त्यात एक कलम आलं, की होल्डिंग कंपन्यांच्या वतीनं संसदेत किंवा आयोगापुढे कुणी वजन वापरायला जात असेल, तर त्यानं आपली माहिती सरकारदरबारी दाखल करावी. सगळ्या क्षेत्रांसाठी लॉबिंगच्या नोंदणीचा कायदा यायला १९४६ उजाडलं, आणि आज आम्ही ज्याखाली फॉर्म भरतो तो कायदा १९९५ चा. म्हणजे माझ्या दोन्ही दारांचा जन्म एकाच कायद्यातला. होल्डिंग कंपन्यांचा तो भाग २००५ साली संसदेनं रद्द केला. त्यामागेही कित्येक वर्षांचं लॉबिंग होतं, पण तारा नव्हत्या. वन-पेजर होते, म्हणजे मघाशी सांगितलं तसली एक पानाची टिपणं.

२००५ च्या त्याच कायद्यानं आयोगाला बाजारातल्या लबाडीसाठी रोज दहा लाख डॉलरपर्यंत दंड करायचा अधिकार दिला. त्याचं कारण कॅलिफोर्निया. २०००-०१ मध्ये तिथे वीजबाजारात भाव चढवण्याचे जे खेळ झाले, त्यात एन्रॉनच्या व्यापाऱ्यांनी आपल्या युक्त्यांना 'फॅट बॉय', 'डेथ स्टार' अशी नावं ठेवली होती. आणि एन्रॉन म्हटलं की या सभागृहात कुणाला काही समजावून सांगायची गरज नाही.

माझं आजोळ गुहागरचं. एन्रॉनचा दाभोळचा वीज प्रकल्प म्हणजे आमच्यासाठी अंजनवेलचा रस्ता आणि मामाच्या घरातली भांडणं. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळानं वीज खरेदीचा करार केला. जागतिक बँकेनं त्याच वर्षी हा प्रकल्प परवडणारा नाही म्हणून पैसे द्यायला नकार दिला होता. वीज घ्या वा न घ्या, स्थिर आकार द्यावाच लागणार, अशी ती रचना. १९९५ मध्ये करार रद्द झाला, पुढच्या वर्षी पुन्हा झाला, मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि दोन वर्षांत बंद पडला. हे तुम्हाला माहीत आहे. मी सांगणार आहे ते एका साक्षीबद्दल.

१९९५ च्या सुरुवातीला एन्रॉनच्या अधिकारी लिंडा पॉवर्स अमेरिकी संसदेच्या एका उपसमितीपुढे बोलल्या. परदेशी प्रकल्पांना सरकारी मदतीचा पैसा किती उपयोगी पडतो, असा विषय. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की या प्रकल्पासाठी भारतीयांच्या 'शिक्षणावर' आणि प्रकल्पाच्या तयारीवर कंपनीनं दोन कोटी डॉलर खर्च केले. इथे गदारोळ झाला. कंपनीनं म्हटलं, ही लाच नव्हे, तयारीचा खर्च आहे. मी त्या वादात पडत नाही. मला वकील म्हणून बोचतं ते एवढंच, की महाराष्ट्राच्या वीज करारामागचा हा आकडा मराठी माणसाला कळला तो वॉशिंग्टनमधल्या लॉबिंगच्या साक्षीतून. कारण तिथे ती साक्ष नोंदीवर होती. इथे त्या कराराची जाहीर सुनावणीच झाली नव्हती.

होणार तरी कशी? १९९३ मध्ये महाराष्ट्रात वीज नियामक आयोगच नव्हता. तो ऑगस्ट १९९९ मध्ये आला. २००१ साली वीज मंडळ दाभोळचा वाद घेऊन त्याच्याकडे गेलं तेव्हा पहिला झगडा हाच, की हा वाद ऐकायचा अधिकार आयोगाचा की करारातल्या लवादाचा. त्यानंतर मात्र इथे एक गोष्ट घडली जिचं मला तिकडे बसून कौतुक वाटतं. दरवाढीची याचिका आली की जाहीर नोटीस, हरकती, सुनावणी. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्था ग्राहक प्रतिनिधी म्हणून उभ्या राहून कंपनीच्या आकड्यांची चिरफाड करतात. सुनावणीत एखादे काका प्लास्टिकच्या पिशवीतून दहा वर्षांची बिलं काढतात, तेव्हा कंपनीच्या वकिलाची चुळबुळ मी पाहिली आहे. नोटीस वर्तमानपत्रात मुंगीच्या अक्षरांत छापतात, ही तक्रार वेगळी आणि खरी.

तुम्हाला वाटेल अमेरिकेत हे आधीपासून असणार. ऐका. फर्कमध्ये सामान्य माणसाला मदत करायला लोकसहभागाचं कार्यालय असावं, असं अमेरिकी संसदेनं कायद्यातच लिहिलं: १९७८ साली. कार्यालय उघडलं २०२१ मध्ये. मधली त्रेचाळीस वर्षं कलम ३१९ पुस्तकात झोपून होतं. ग्राहक संघटना मागे लागल्या होत्या. शेवटी कशानं हललं? नवा कायदा नाही, कोर्टाचा निकाल नाही. डिसेंबर २०२० च्या खर्चाच्या विधेयकाला जोडलेल्या स्पष्टीकरणात संसदेनं आयोगाला सांगितलं, की हे कार्यालय कसं उभारणार याचा अहवाल द्या. हजारो पानांच्या बाडातल्या काही ओळी. माझे तरुण सहकारी मला विचारतात, लॉबिंग शिकायचं कुठून. मी त्यांना त्या ओळी वाचायला देते.

आता मघाच्या दहा वाजताच्या भेटीबद्दल एक राहिलं. कायद्याप्रमाणे तिची नोंद आमच्या तिमाही अहवालात झाली: अशिलाचं नाव, विधेयकाचा क्रमांक, 'सिनेट' हा शब्द आणि माझं नाव. कुणीही तो इंटरनेटवर उघडून वाचू शकतो. मी कोणत्या सिनेटरच्या ऑफिसात गेले आणि कोणते दोन शब्द बदलायला सांगितले, याला मात्र त्या फॉर्मवर रकानाच नाही.